फोटोखालची ओळ कोण लिहितो?

मागच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास अकोल्यात एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या घरी जाणे झाले. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. बोलता बोलता त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक कात्रण बाहेर काढले. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले. नामांतराच्या दिवसांतला अकोल्याचा एक मोर्चा होता तो. पुढे बाया, मागे पोरे, हातात झेंडे. फोटोखाली एकच ओळ छापलेली : ‘मोर्चामुळे शहरातील वाहतूक विस्कळीत.’

काकाजींनी एका चेहऱ्यावर बोट ठेवले. “हे आमची मोठी वयनी. जिनात कामाले होती. त्या दिवशीची मजुरी बुडवून आल्ती. काखेत पोरगी हाय पाय, तापानं फणफणली होती.” मग दुसरा चेहरा, तिसरा चेहरा. एक हमाल, एक शाळामास्तर, एक बोर्डिंगमधला पोरगा. दहा-बारा नावे त्यांनी घडाघडा सांगितली. शेवटी कात्रणाची घडी घालत म्हणाले, “पेपरवाल्यानं याईतल्या एकाचंबी नाव नाही लिवलं, बापू. मी मेलो का मंग कोन सांगनार?”

मित्रांनो, हा लेख त्या एका प्रश्नासाठी लिहितो आहे.

वृत्तपत्रातला फोटो म्हणजे देशाच्या सार्वजनिक जीवनाची नोंद, असे आपल्याला शिकवले जाते. कॅमेरा खोटे बोलत नाही, असेही म्हणतात. कॅमेरा खोटे बोलत नसेलही. पण फोटो आपल्यापर्यंत पोहोचतो तो चार हातांतून : काढणाऱ्याच्या, निवडणाऱ्याच्या, खाली ओळ लिहिणाऱ्याच्या आणि जपून ठेवणाऱ्याच्या. वर्तमानपत्रांच्या शंभर वर्षांत या चारपैकी किती हात आपले होते? त्या कात्रणात आपली माणसे ठसठशीत दिसतात. तरीही इतिहासात नोंद झाली ती वाहतुकीची.

ब्लॉक ज्याचा, चेहरा त्याचा

आजच्या तरुणांना ठाऊक नसेल म्हणून थोडे सांगतो. ऑफसेट छपाई येण्याआधी वर्तमानपत्रात फोटो छापणे सोपे नव्हते. फोटोवरून जस्ताच्या पत्र्यावर बारीक ठिपक्यांचा ब्लॉक करावा लागे. तो लाकडावर ठोकून टाइपांच्या जुळणीत बसवला जाई. ब्लॉकला पैसा लागे, वेळ लागे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या पत्राला हे रोज परवडणारे नव्हते. म्हणून पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचे ब्लॉक जपून ठेवत आणि तोच चेहरा पुन्हा पुन्हा छापत. जयंतीला तोच, दौऱ्याला तोच, निधनालाही तोच.

याचा परिणाम लक्षात घ्या. ज्याचा ब्लॉक छापखान्यात पडलेला आहे, त्याचा चेहरा लोकांच्या मनात पक्का होतो. मोर्चा रोज नवा असतो, सत्याग्रह रोज नवा असतो, त्याचा ब्लॉक रोज नवा करावा लागतो. तो कोण करणार? पुढारी फोटोत आणि जनता बातमीच्या चौथ्या ओळीत, ही विभागणी नुसत्या द्वेषातून झालेली नाही. पैशाने आणि यंत्राने ती आधीच करून ठेवली होती. जातीने तिच्यावर शिक्का मारला.

आणि आपली पत्रे? ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, ते शाहू महाराजांनी दिलेल्या २५०० रुपयांच्या बळावर. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकट्याने लिहून काढत. वर्गणीसाठी वाचकांना वारंवार हात जोडावे लागत. १९२९ मध्ये ते पत्र पैशाअभावी बंद पडले. ज्या पत्राला कागद परवडत नव्हता, त्याला ब्लॉक कुठून परवडणार? म्हणून आपल्या चळवळीच्या पहिल्या दशकाचा इतिहास शब्दांत भरभरून आहे आणि चित्रांत जवळजवळ कोरा आहे. महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळीने पाणी पिणारे बाबासाहेब आपण घराघरात पाहतो, ते नंतरच्या चित्रकारांनी काढलेले चित्र आहे. कॅमेऱ्याने टिपलेला तो क्षण नाही.

अमरावती, नोव्हेंबर १९२७

आपल्या वऱ्हाडापुरते बोलू. महाडचा पहिला सत्याग्रह मार्च १९२७ चा. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला होता. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. अमरावतीचे ग. आ. गवई त्यात होते आणि डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे ब्राह्मणेतर चळवळीतले तरुण बॅरिस्टरही या प्रश्नावर सोबत उभे होते. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी येऊन धडकली. डोक्यावर आभाळ कोसळले होते, तरी परिषदेचे काम थांबले नाही.

हा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. खचाखच भरलेले नाट्यगृह. वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांतून कापूस वेचणीचे दिवस सोडून आलेली माणसे. व्यासपीठावर छत्तीस वर्षांचे बाबासाहेब आणि हातात भावाच्या मृत्यूची बातमी. दुसऱ्या एखाद्या समाजाच्या इतिहासात असा प्रसंग असता, तर त्याचे चित्र पाठ्यपुस्तकात छापून आले असते. आपल्याकडे तो चरित्रग्रंथातल्या एका परिच्छेदात आहे. अमरावतीत इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या किती तरुणांना हा परिच्छेद माहीत आहे? मी हे कोणाला हिणवण्यासाठी विचारत नाही. जिथे चित्र नसते, तिथली आठवण लवकर पुसली जाते, एवढेच सांगतो.

राष्ट्राच्या अल्बममध्ये कोण?

पुढे दिल्लीत राष्ट्राचा अल्बम तयार होऊ लागला. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या. स्वातंत्र्याचा पहिला ध्वज, माउंटबॅटन यांची रवानगी, गांधींची अंत्ययात्रा, परदेशी पाहुण्यांचे स्वागत हे सगळे त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुरुषांच्या गर्दीत साडी सावरत, जड कॅमेरा खांद्यावर घेऊन काम करणाऱ्या या बाईंचे मोल मोठेच आहे. पण तो अल्बम सत्तेच्या दालनाचा होता. प्रवेशपत्र असलेल्या माणसाला जे दिसते, ते त्यात आले.

त्या अल्बममध्ये बाबासाहेब आहेत. गोलमेज परिषदेच्या टेबलाशी आहेत. राजेंद्र प्रसादांच्या हाती संविधानाचा मसुदा देताना आहेत. मंत्रिपदाची शपथ घेताना आहेत. पण बाबासाहेबांच्या मागे उभा राहिलेला समाज त्यात शोधून पाहा. एकटे बाबासाहेब दाखवले की त्यांना ‘थोर विद्वान’ म्हणून भिंतीवर टांगता येते. त्यांच्या मागची माणसे दाखवली की चळवळ दिसते. प्रस्थापितांना विद्वान चालतो, चळवळ चालत नाही.

आणि भिंतीवर टांगण्याचे म्हणाल, तर तेही फुकट मिळालेले नाही. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. ६ डिसेंबरपासून लाखो माणसे तुरुंगात गेली. पंतप्रधानांना दिलेल्या निवेदनात कसेल त्याला जमीन ही मागणी तर होतीच. त्याच निवेदनात संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे चित्र लावा, हीही मागणी होती. पोटाला भाकर मागणाऱ्या माणसांनी त्याच कागदावर चित्र का मागितले असेल? कारण देशाच्या भिंतीवर कोणाचे चित्र आहे यावरून देश कोणाचा आहे ते ठरते, हे त्यांना कळत होते. ते चित्र लागले १२ एप्रिल १९९० रोजी. एका चित्रासाठी पंचवीस वर्षे.

सरकारी कॅमेऱ्याची गोष्टही याहून वेगळी नाही. केंद्राचा फोटो डिव्हिजन १९५९ मध्ये स्वतंत्र झाला. राज्यात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यात माहिती कार्यालय आहे. त्यांच्या फोटोंत मंत्री फीत कापतो, पालकमंत्री धनादेश देतो आणि लाभार्थी हात जोडून घेतो. आपला माणूस या फोटोत येतो तो घेणारा म्हणून. मागणारा म्हणून, लढणारा म्हणून येत नाही.

ज्याने स्वतःहून कॅमेरा उचलला

याला अपवाद आहेत आणि ते आपण सांगितले पाहिजेत. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला मुंबईत अंत्ययात्रा निघाली. तो अथांग जनसागर आज आपण पडद्यावर हलताना पाहू शकतो, तो मराठी चित्रपट दिग्दर्शक नामदेव व्हटकर यांच्यामुळे. त्यांनी पदरमोड करून कॅमेरा मिळवला, रिळे मिळवली आणि ती अंत्ययात्रा चित्रित केली. हा माणूस त्या दिवशी नुसता रडत बसला असता तर कोणी दोष दिला नसता. पण त्याने ओळखले की हा दिवस आपण टिपला नाही तर दुसरे कोणी टिपणार नाही. रडणे आणि टिपणे ही दोन्ही कामे त्याने एकाच दिवशी केली.

दुसरे नाव आपल्या अकोल्याचे. सुधारक ओलवे यांचा जन्म अकोल्याचा, १९६६ चा. मुंबईत १९८८ पासून वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांनी मोठ्या वर्तमानपत्रांत काम केले. रोजच्या वर्तमानपत्राला हवे ते फोटो त्यांनी काढलेच असतील. पण त्यांची ओळख ठरली ती मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांच्या कृष्णधवल फोटोंमुळे. गटारात गळ्यापर्यंत उतरलेला माणूस, कचऱ्याच्या ढिगावर उभी बाई, काम संपल्यावर घरात बसलेले कुटुंब. जे शहर या माणसांकडे पाहून नाकाला रुमाल लावते, त्याच शहराला त्यांनी या माणसांच्या डोळ्यांत पाहायला लावले. पुढे जातीय अत्याचाराने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांचे फोटोही त्यांनी काढले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कार मिळाला म्हणून हे नाव घेत नाही. फोटोत कोण येऊ शकतो याची हद्द एका अकोल्याच्या माणसाने हलवली, म्हणून घेतो.

खैरलांजीचे दोन फोटो

आता दुखरी जागा. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. सुरुवातीचे काही आठवडे प्रस्थापित माध्यमांनी काय केले? बरीचशी गप्प राहिली. ज्यांनी छापले, त्यांतल्या काहींनी ‘अनैतिक संबंधां’चा रंग देऊन छापले. खरे काय घडले ते लोकांपर्यंत गेले ते कार्यकर्त्यांच्या सत्यशोधनातून आणि हातोहात फिरलेल्या फोटोंमधून.

मग लोक रस्त्यावर आले. नोव्हेंबरमध्ये नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ पेटले. अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात आपला एक तरुण गेला. तेव्हाच्या गृहमंत्र्यांना या आंदोलनात नक्षलवाद्यांचा हात दिसला. ३० नोव्हेंबरला, कानपूरच्या पुतळा विटंबनेनंतर, उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. आणि आता देशभरच्या वर्तमानपत्रांना पहिल्या पानासाठी फोटो सापडला! जळती रेल्वे. धुराचे लोट. चार माणसे मारली गेली तेव्हा पहिल्या पानावर जागा नव्हती, डबे जळाले तेव्हा ती झाली. आज कोणालाही विचारा, २००६ मधले दलित आंदोलन म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर जळते डबे येतात. हीच ती फोटोखालची ओळ. ‘वाहतूक विस्कळीत’ची पुढची आवृत्ती.

इथे अमेरिकेतले एक उदाहरण आठवते. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय पोराला गोऱ्यांनी हाल करून मारले. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. माझ्या लेकराचे काय केले ते जगाला पाहू द्या, हा त्यांचा आग्रह होता. तो फोटो छापला कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या ‘जेट’ या साप्ताहिकाने. गोऱ्यांच्या मोठ्या पत्रांनी छापला नाही. त्या फोटोने एक पिढी जागी झाली. तिथे फोटो होता, आईचा निर्धार होता आणि छापायला स्वतःचे पत्रही होते. आपल्याकडे २००६ मध्ये फोटो होता, पण घरोघर पोहोचणारे आपले पत्र नव्हते.

पण याची दुसरी बाजूही मांडतो, कारण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेमी टिल यांनी स्वतः निर्णय घेतला होता. खैरलांजीच्या मायलेकींना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या विटंबित देहांचे फोटो आजही कोणी ‘स्टेटस’ला ठेवतो, फॉरवर्ड करतो. हा न्यायाचा लढा नव्हे. अशा फोटोची जागा न्यायालयात आहे, आयोगासमोर आहे, तपासाच्या कागदपत्रांत आहे. लोकांपुढे ठेवायचे तर त्या माणसांचा जिवंतपणीचा फोटो ठेवा. दहावी-बारावीची गुणपत्रिका हातात घेतलेली पोरगी दाखवा, शेतात उभी आई दाखवा. आपल्या माणसांची ओळख त्यांचे प्रेत होता कामा नये.

आपल्या घरातला निष्काळजीपणा

प्रस्थापित माध्यमांना शिव्या देऊन हा लेख संपवता आला असता. टाळ्याही पडल्या असत्या. पण चार हातांपैकी चौथा हात, जपणारा हात, तो तर आपलाच आहे ना?

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. अकोल्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धम्म मेळावा भरतो तेव्हा मैदानावर हजारो मोबाइल वर झालेले असतात. पाच वर्षांनी त्यातले किती फोटो सापडतात? फोन बिघडला, फोटो गेला. कुठे काढला, कधी काढला, त्यात कोण आहे, काही लिहिलेले नसते. वर आपणच चुकीचे फोटो पसरवतो. चित्राला फोटो म्हणतो, एका सभेचा फोटो दुसऱ्या सभेच्या नावावर खपवतो. बाबासाहेबांनी प्रत्येक विधानाला पुरावा दिला आणि आपण त्यांच्याच फोटोखाली खोटी तारीख टाकतो. विरोधकाने एक चूक पकडली की तो आपली शंभर खरी कागदपत्रेही खोटी ठरवायला मोकळा होतो.

दुसरीकडे जुने फोटो स्टुडिओ बंद पडत आहेत. त्यांच्या निगेटिव्हचे डबे भंगारात जात आहेत. १९७९ च्या नोव्हेंबरात नागपूरहून निघालेला लाँग मार्च आपल्याच वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यातल्या खडकपूर्णेच्या पुलावर अडवला गेला, लाठ्या चालल्या. त्या पुलावर तेव्हा विशीत असलेली माणसे आज पासष्टी-सत्तरीत आहेत. त्यांच्या पेट्यांत काय आहे ते विचारायला आपल्याकडे फार वर्षे उरलेली नाहीत.

म्हणून अमरावती आणि अकोल्याच्या तरुणांना चार साध्या गोष्टी सुचवतो.

एक, आपापल्या वस्तीतल्या पाच म्हाताऱ्या माणसांकडे जा. फोटो समोर ठेवा आणि मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. बोट ठेवून नाव सांगू द्या. कोण, कुठला, काय काम करायचा, त्या दिवशी का आला.

दोन, मूळ फोटो घरच्यांकडून घेऊन जाऊ नका. स्कॅन करा आणि परत द्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, ठिकाण, वर्ष लिहा. बॉलपेनने लिहू नका आणि लॅमिनेशन तर करूच नका, त्याने फोटो कायमचा खराब होतो.

तीन, वाचनालयांत वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली पडून आहेत. मोर्च्याचा फोटो सापडला की त्याखालची ओळही टिपून घ्या. आपल्याबद्दल काय लिहिले गेले, तोही इतिहासच आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात इतिहासाचे शेकडो विद्यार्थी प्रकल्प करतात. त्यातले दहा जण जरी या कामाला लागले तरी पुष्कळ होईल.

चार, पुढच्या धम्म मेळाव्यात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल मांडा. त्यावर एक स्कॅनर आणि एक वही असू द्या. ‘जुना फोटो आणा, नाव सांगा, फोटो परत न्या’ अशी पाटी लावा. याला संस्था लागत नाही, अनुदान लागत नाही.

त्या दिवशी काकाजींकडे मी हेच केले. कात्रणाचा फोटो काढला, वहीत बारा नावे उतरवून घेतली. एक चेहरा मात्र त्यांना आठवेना. डोक्यावर पदर, हातात झेंडा, तोंड उघडे, बहुतेक घोषणा देत असलेली एक बाई. काकाजी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. “खदानकडली असनं,” एवढेच म्हणाले. वहीत तेरावी जागा मी मोकळी ठेवली आहे. येत्या रविवारी कात्रणाची प्रत घेऊन खदानच्या वस्तीत जाणार आहे. कोणाला यायचे असेल त्यांनी सकाळी दहाला अशोक वाटिकेत यावे.

जय भीम!